जमिनीखालचे बाष्प आणि घरातील हवा : जोखीम-मूल्यांकनाच्या एका आकड्याचे वाचन

विषारी प्रदूषणाविषयीच्या लेखनाचा विचार तौलनिक साहित्याच्या अभ्यासात आता नवा राहिलेला नाही. उलरिक बेक यांचा जोखीम-समाजावरील जर्मन ग्रंथ १९८६ मध्ये प्रसिद्ध झाला. लॉरेन्स ब्युएल यांनी १९९८ मध्ये विषभयाच्या भाषेला एक स्वतंत्र विमर्श म्हणून ओळख दिली, तर रॉब निक्सन यांनी २०११ मध्ये ‘संथ हिंसा’ ही संकल्पना मांडली. या ग्रंथांच्या आधारे होणाऱ्या चर्चांतून एक विरोध बराच रूढ झाला आहे. एका बाजूला रहिवाशाचा अनुभव असतो, दुसऱ्या बाजूला तज्ज्ञाचा आकडा. अनुभव सजीव आणि विश्वासार्ह, आकडा कोरडा आणि बहुधा कोणाच्या तरी सोयीचा, असे मानले जाते. हा विरोध काही ठिकाणी खराही आहे. परंतु आकडा कसा घडतो, त्यात कोणती गृहीतके मिसळलेली असतात आणि त्यातील कोणता सांधा कच्चा असतो, हे न पाहता त्याला अनुभवाच्या विरुद्ध उभे करणे म्हणजे संहिता न वाचताच तिच्यावर अभिप्राय देणे होय. प्रस्तुत लेखात अशा एका आकड्याची घडण पाहावयाची आहे.

जमिनीखालील पाणी औद्योगिक विद्रावकांनी दूषित झाले, की त्यातील काही द्रव्ये वायुरूप होऊन मातीतून वर येतात आणि वर उभ्या असलेल्या इमारतींत शिरतात. ते पाणी कोणी पीत नसते. रहिवाशांना नळाचे पाणी दुसऱ्या, स्वच्छ ठिकाणाहून मिळत असते. तरीही घरातील माणसे त्या भूजलाशी श्वासावाटे जोडली गेलेली असतात. या प्रकारासाठी इंग्रजीत जी संज्ञा आहे तिचा सरळ अनुवाद ‘बाष्प-अतिक्रमण’ असा होऊ शकेल. मात्र मराठीत अतिक्रमण म्हटले की जागा बळकावणारा कोणी कर्ता डोळ्यांपुढे येतो, आणि येथे कर्ता कोण हाच तर वादाचा विषय असतो. त्यामुळे ‘बाष्पाचा शिरकाव’ हा साधा शब्दप्रयोग अधिक नेमका वाटतो. फटीतून, नकळत आत येणे हा अर्थ त्यात आपोआप येतो.

दुसरा भेद ‘धोका’ आणि ‘जोखीम’ या शब्दांमधला. धोका द्रव्याच्या अंगी असतो, तर जोखीम ही द्रव्य, वाट आणि माणूस या तिघांची गाठ पडल्यावर निर्माण होते. घट्ट बुचाच्या बाटलीतील विष धोक्याचे आहे, पण बाटली कोणी उघडत नसेल तर जोखीम जवळजवळ शून्य. मूल्यांकन करणाऱ्याचे पहिले काम म्हणून वाट शोधण्याचे असते. वाट तुटलेली असेल तर भूजल कितीही दूषित असले तरी वरच्या घरापुरती जोखीम उभी राहत नाही. जोखीम या शब्दाला मराठीत सांभाळण्यासाठी सोपवलेल्या मौल्यवान ऐवजाचाही एक जुना अर्थ आहे, आणि पुढील विवेचनात तो अगदीच गैरलागू ठरणार नाही.

एन्डिकॉट

न्यूयॉर्क राज्यातील ब्रूम परगण्यात, सस्क्वेहॅना नदीच्या काठी एन्डिकॉट हे गाव आहे. एका बाजूला पादत्राणांचे कारखाने आणि दुसऱ्या बाजूला आयबीएम या कंपनीचा आरंभकाळ, अशा दोन उद्योगांवर हे गाव वाढले. आयबीएमच्या येथील कारखान्यात विद्युत्-मंडलांच्या पट्ट्या तयार होत, आणि त्या स्वच्छ करण्यासाठी, त्यांवरील तेलकटपणा काढण्यासाठी क्लोरीनयुक्त विद्रावके वापरली जात. १९७९ मध्ये यांपैकी मिथिल क्लोरोफॉर्म या विद्रावकाचे सुमारे ४,१०० गॅलन सांडल्याची नोंद झाली. त्यानंतर भूजल उपसून शुद्ध करण्याचे काम सुरू झाले. पुढील काळात जमिनीतून परत मिळालेले रसायन १९७९ च्या नोंदीपेक्षा कितीतरी पटींनी अधिक भरले, म्हणजे गळती त्या एका घटनेपुरती मर्यादित नव्हती. दूषित भूजलाचा पट्टा सुमारे ३०० एकरांवर, घरे, दुकाने आणि प्रार्थनास्थळे यांच्याखाली पसरला होता.

त्याच १९७९ साली मॅसॅच्युसेट्स राज्यातील वोबर्न या गावी पिण्याच्या पाण्याच्या दोन विहिरी दूषित आढळून बंद करण्यात आल्या. त्या प्रकरणावर जोनाथन हार यांचे ‘अ सिव्हिल अ‍ॅक्शन’ हे पुस्तक १९९५ मध्ये निघाले आणि १९९८ मध्ये त्यावर चित्रपटही झाला. दोन्ही ठिकाणी ट्रायक्लोरोएथिलीन हे द्रव्य चर्चेच्या केंद्रस्थानी होते. वोबर्नला कथा मिळाली, एन्डिकॉटला त्या तोलाची मिळाली नाही. याची कारणे अनेक असू शकतील, पण त्यांतील एक वाटेच्या स्वरूपात आहे. वोबर्नमध्ये नळ होता. पाण्याला वास येतो, चव लागते, अशा तक्रारी होत्या, आणि नळ सोडणारा हात हे दृश्य कोणत्याही कथनात सहज बसते. एन्डिकॉटमध्ये दाखविण्यासारखे काहीच नव्हते. ट्रायक्लोरोएथिलीनचा वास जाणवण्यासाठी हवेत त्याचे जितके प्रमाण लागते ते आरोग्याच्या दृष्टीने ठरविलेल्या मर्यादेच्या हजारो पट आहे. ज्या हवेला वास नाही, जिच्यात काही दिसत नाही, तिच्याविषयी रहिवाशाला सर्वप्रथम कळते ते प्रयोगशाळेच्या पत्रावरून. ज्ञानावाचून जाणवतच नाही अशी जोखीम हे बेक यांचे प्रतिपाद्य येथे अक्षरशः लागू पडते. पीटर लिटल या मानवशास्त्रज्ञाचे एन्डिकॉटवरील ‘टॉक्सिक टाउन’ हे पुस्तक २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात ज्यांच्या घरांना संरक्षक यंत्रणा बसविल्या गेल्या अशा कुटुंबांच्या मनातील अनिश्चितता नोंदलेली आहे.

१९७९ ते २००२ या काळात एन्डिकॉटमधील विचार मुख्यतः पाण्याचा होता. २००२ नंतर तो हवेचा झाला. राज्याच्या पर्यावरण विभागाने बाष्पाच्या शिरकावाची तपासणी करावयास लावली, आणि त्यानंतर साडेचारशेहून अधिक इमारतींना बाष्प बाहेर काढणाऱ्या यंत्रणा बसविण्यात आल्या. त्याच वर्षी आयबीएमने कारखाना विकला. मधल्या तेवीस वर्षांत पाण्याखेरीज दुसरी वाट कोणी फारशी पाहिली नव्हती. हे केवळ एन्डिकॉटचे वैशिष्ट्य नव्हे. डेन्व्हर शहरातील एका जुन्या कारखान्याच्या परिसरातही घरांतील हवेचा प्रश्न १९९८ च्या सुमारास पुढे आला. भूजल म्हणजे पिण्याचे पाणी, हे समीकरण तोवर नियमांतही मुरलेले होते.

वाटेचे वर्णन

ट्रायक्लोरोएथिलीन हे पाण्यापेक्षा सुमारे दीडपट जड आहे आणि पाण्यात ते फार थोडे विरघळते. जमिनीवर सांडलेले हे द्रव्य म्हणून भूजलाच्या पातळीवर थांबत नाही. ते खाली खाली बुडत जाते, मातीच्या घट्ट थरांवर साचते आणि तेथून वर्षानुवर्षे पाण्यात थोडे थोडे उतरत राहते. पाण्यात उतरलेल्या भागापैकी काही अंश पाण्याच्या वरच्या सीमेवर वायुरूप होतो. हा वायू मातीच्या कणांमधील पोकळ्यांतून पसरत वर येतो. पेट्रोलमधील बेंझिनसारखी द्रव्ये या प्रवासात, मातीत प्राणवायू असेल तर, सूक्ष्म जीवांकडून बरीचशी खाल्ली जातात. क्लोरीनयुक्त विद्रावकांचे तसे होत नाही. ती बहुतांशी तशीच वर येतात. प्राणवायू नसलेल्या भूजलात त्यांचे विघटन होते, पण त्या विघटनाच्या एका टप्प्यावर व्हिनाइल क्लोराइड तयार होते आणि ते मानवी कर्करोगाचे सिद्ध कारण आहे. विघटन म्हणजे शुद्धीकरण, असे येथे गृहीत धरता येत नाही.

शेवटच्या हातभर अंतरावर कारण घरच असते. थंडीत घर तापविले जाते, गरम हवा वरच्या मजल्यांतून बाहेर पडते आणि खालच्या भागात किंचित विरळपणा येतो. हा दाबातील फरक काही पास्कल एवढाच असतो. वातावरणाचा एकूण दाब एक लाख पास्कलहून अधिक असतो हे लक्षात घेता तो नगण्य वाटेल. पण तेवढ्या ओढीने तळघराच्या भिंतींतील भेगा, नळ आत येण्याची छिद्रे, फरशी आणि भिंत यांमधील सांधा यांतून मातीतील वायू घरात खेचला जातो. घर जमिनीवर नुसते उभे नसते, ते जमिनीतून श्वास घेत असते असे म्हणावे लागते. रेडॉन या नैसर्गिक किरणोत्सारी वायूच्या बाबतीत ही यंत्रणा आधीच माहीत झाली होती. १९८४ मध्ये पेनसिल्व्हेनियातील एका अणुवीज केंद्रातील कर्मचाऱ्यामुळे तेथील किरणोत्सार-मापके वाजू लागली, आणि शोधाअंती दोष केंद्राचा नसून त्याच्या घरातील रेडॉनचा असल्याचे निष्पन्न झाले. विद्रावकांच्या बाबतीत वापरले गेलेले उपाय पुढे रेडॉनकडूनच उसने घेण्यात आले.

ब्युएल यांनी विषविमर्शातील एक खूण म्हणून पाताळात उतरण्याच्या जुन्या महाकाव्यीन प्रतिमेकडे लक्ष वेधले होते. येथे पाताळच वर चढते, असे म्हणण्याचा मोह होतो. तो आवरलेला बरा, कारण त्या प्रतिमेत घर हे निष्क्रिय बळी ठरते आणि घराच्या स्वतःच्या ओढीचा भाग, जो मूल्यांकनात मध्यवर्ती आहे, तो नजरेआड होतो.

या वाटेचे गणिती वर्णन पॉल जॉन्सन आणि रॉबर्ट एटिंजर यांनी १९९१ मध्ये मांडले. त्यातून पुढे एक गुणोत्तर वापरात आले. घरातील हवेतील प्रमाण भागिले जमिनीतील बाष्पाचे प्रमाण, असे त्याचे स्वरूप आहे. त्याला क्षीणन-गुणोत्तर म्हणता येईल. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने जून २०१५ मध्ये अंतिम केलेल्या मार्गदर्शिकेत प्राथमिक चाळणीसाठी हे गुणोत्तर फरशीखालील बाष्पासाठी ०.०३ आणि भूजलाशी समतोलात असलेल्या बाष्पासाठी ०.००१ धरले आहे. म्हणजे भूजलावरील बाष्पाचा हजारावा भाग घरात पोहोचतो असे मानावयाचे. हे आकडे मुद्दाम सावधगिरीने निवडलेले आहेत. ज्या अमेरिकी घरांच्या नोंदींवरून ते काढले त्यांतील बहुसंख्य घरांत प्रत्यक्ष प्रमाण याहून बरेच कमी होते, आणि फरशीखालील बाष्पासाठीचा मध्यक ०.००३ च्या आसपास होता.

या गुणोत्तराचा अर्थ एका उदाहरणाने स्पष्ट होईल. ट्रायक्लोरोएथिलीनची पिण्याच्या पाण्यातील अमेरिकी मर्यादा लिटरला ५ मायक्रोग्रॅम आहे. नेमके एवढेच द्रव्य भूजलात आहे असे समजू. २५ अंश सेल्सियस तापमानाला पाण्यातील प्रमाणाच्या सुमारे ०.४ पट प्रमाण त्यालगतच्या हवेत असते, म्हणजे लिटरला २ मायक्रोग्रॅम, घनमीटरला २,०००. त्याचा हजारावा भाग घरात आला तर घरातील हवेत घनमीटरला २ मायक्रोग्रॅम होतात. प्रौढ माणूस दिवसाला २ लिटर पाणी पितो आणि २० घनमीटर हवा श्वासावाटे घेतो, ही मूल्यांकनातील नेहमीची गृहीतके. ते पाणी प्याले तर दिवसाला १० मायक्रोग्रॅम द्रव्य शरीरात जाईल. न पिता त्यावर केवळ घर बांधून राहिले तर ४० मायक्रोग्रॅम श्वासातून आत येतील. पिण्यास योग्य ठरलेले पाणी पायाखाली असणे पुरेसे सुरक्षित असतेच असे नाही, हा निष्कर्ष सावध गृहीतकांवर आधारलेला असला तरी विचारात घेण्याजोगा आहे. पाणी बदलता येते, बाटलीतले आणता येते. हवेच्या बाबतीत ती सोय नाही.

हवा कोणाची?

गणिताने वाट संभाव्य ठरते, सिद्ध होत नाही. त्यासाठी घरात जाऊन हवा गोळा करावी लागते. आतून गुळगुळीत केलेले, निर्वात केलेले पोलादी भांडे खोलीत ठेवतात. त्याची झडप चोवीस तास हवा हळूहळू आत घेते. दुसरे भांडे फरशीला छिद्र पाडून खालचा वायू घेते, तिसरे घराबाहेर ठेवलेले असते. तीन भांडी प्रयोगशाळेत जातात आणि तीन आकडे येतात.

खरा वाचनाचा प्रश्न येथून सुरू होतो. घरातील हवेत सापडलेला रेणू कोठून आला हे त्याच्याकडे पाहून कळत नाही. ड्रायक्लीन करून आणलेल्या कपड्यांतून टेट्राक्लोरोएथिलीन निघते. काही डाग काढणाऱ्या द्रवांत, गोंदांत, बंदुका स्वच्छ करण्याच्या रसायनांत ट्रायक्लोरोएथिलीन असे. युटा राज्यातील एका हवाईतळाजवळच्या घरांत डायक्लोरोएथेन आढळले, तेव्हा प्रथम भूजलाकडे बोट दाखविले गेले. शोधाअंती नाताळसारख्या सणांच्या सजावटीतील प्लॅस्टिकच्या वस्तूंतून ते निघत असल्याचे स्पष्ट झाले. या कारणाने नमुने घेण्यापूर्वी रहिवाशांकडून प्रश्नावली भरून घेतात आणि घरातील वस्तूंची यादी करतात. रंगाचे डबे कोठे आहेत, मोटार घराला लागून उभी असते का, कोणाला कोणता छंद आहे, अलीकडे कपडे ड्रायक्लीनला दिले होते का, खिडक्या किती वेळ उघड्या असतात. कुटुंबाचे सारे खाजगी जीवन पुराव्याच्या रूपाने लिहिले जाते. अनुभव आणि आकडा यांच्यातील विरोधाविषयी आरंभी जे म्हटले त्याची अडचण येथे दिसते, कारण अनुभवाच्या कथनावाचून या आकड्याला अर्थच प्राप्त होत नाही.

न्यूयॉर्क राज्याच्या आरोग्य विभागाने ऑक्टोबर २००६ मध्ये जी मार्गदर्शिका प्रसिद्ध केली तिच्यात यासाठी एक कोष्टक आहे. आडव्या ओळींत फरशीखालील प्रमाण, उभ्या रकान्यांत घरातील प्रमाण, आणि दोघांच्या छेदावरील चौकटीत कृतीचा आदेश. फरशीखाली प्रमाण फार मोठे असेल, तर घरातील हवा त्या दिवशी स्वच्छ आढळली तरीही ‘उपाय करा’ असे चौकट सांगते. आजची हवा ही उद्याची साक्ष नव्हे हे त्यात मान्य केलेले आहे. याउलट फरशीखाली थोडे आणि घरात अधिक असेल, तर चौकट सांगते की स्रोत शोधून संपर्क कमी करण्याचे वाजवी उपाय करा. या दुसऱ्या चौकटीत स्रोताचा संशय घरातील वस्तूंकडे वळतो. बहुतेक वेळा ते योग्यच असते. तथापि त्यात एक मोठे गृहीतक दडलेले आहे : बाष्प येईल ते फरशीखालच्या मातीतूनच.

युटामधील लेटन येथे अ‍ॅरिझोना राज्य विद्यापीठाच्या संशोधकांनी दूषित भूजलावरील एक घर केवळ अभ्यासासाठी घेतले आणि तेथील हवा काही वर्षे सातत्याने मोजली. दोन गोष्टी पुढे आल्या. पहिली अशी की एकाच घरातील प्रमाण काळानुसार दहापट नव्हे, त्याहूनही कितीतरी अधिक पटींनी वरखाली होत होते. त्यात हिवाळ्याचे काही दिवस भारी, तर बराचसा काळ जवळजवळ काहीच नाही. वर्षातून एक-दोनदा चोवीस तास भांडे ठेवून अशा घराविषयी खात्रीने बोलणे अवघड आहे. दुसरी गोष्ट अशी की बाष्पाचा मोठा भाग मातीतून नव्हे, तर घराखालून जाणाऱ्या निचऱ्याच्या नळातून येत होता. नळाची झडप बंद केल्यावर घरातील वर्तन बदलले. मातीतून येणाऱ्या वाटेवर आधारलेल्या कोष्टकाला अशी वाट दिसत नाही, आणि चौकट रहिवाशाच्या डब्या-बाटल्यांकडे बोट दाखवून मोकळी होते.

मर्यादा

घरात द्रव्य आहे आणि ते खालूनच आले, एवढे ठरले तरी ‘किती म्हणजे फार’ हा प्रश्न उरतो. न्यूयॉर्कने ट्रायक्लोरोएथिलीनसाठी २००३ मध्ये घनमीटरला ५ मायक्रोग्रॅम हे मार्गदर्शक मूल्य ठरविले आणि २०१५ मध्ये ते २ वर आणले. ज्या घरात ३ मायक्रोग्रॅम होते ते २०१४ मध्ये मूल्याच्या आत आणि २०१५ मध्ये बाहेर होते. घरात काहीही बदललेले नव्हते.

या बदलामागे २०११ मध्ये पूर्ण झालेले संघीय मूल्यांकन होते. त्यात या द्रव्याला मानवात कर्करोग निर्माण करणारे म्हटले गेले. आयुष्यभर घनमीटरला १ मायक्रोग्रॅम श्वासात गेले तर दहा लाखांमागे सुमारे चार अधिक रुग्ण, असा त्याचा हिशेब आहे. कर्करोगाखेरीजच्या परिणामांसाठी २ मायक्रोग्रॅम ही संदर्भमात्रा ठरविण्यात आली, आणि तिचा आधार उंदीरवर्गीय प्राण्यांमध्ये आढळलेले गर्भाच्या हृदयातील दोष आणि प्रतिकारशक्तीवरील परिणाम हा होता. हृदयदोषांच्या प्रयोगावर शास्त्रज्ञांत दीर्घकाळ मतभेद राहिले आहेत. तरीही त्याने मूल्यांकनातील काळाची कल्पना बदलली हे निःसंशय. कर्करोगाचा हिशेब सत्तर वर्षांच्या सरासरीवर चालतो. त्यात एखाद्या आठवड्याची वाढ विरघळून जाते. गर्भाचे हृदय गरोदरपणाच्या आरंभीच्या काही आठवड्यांतच घडते, बहुधा स्त्रीला पुरती खात्री होण्याच्या सुमारासच. तेथे सरासरीला अर्थ नाही. याच विचाराने पर्यावरण संरक्षण संस्थेच्या कॅलिफोर्निया आणि शेजारच्या राज्यांसाठी असलेल्या विभागाने २०१४ मध्ये निवासी हवेत २ मायक्रोग्रॅमला शीघ्र आणि ६ ला तातडीची कारवाई, असे टप्पे ठरविले. लेटनमधील घराचे वरखाली होणारे आलेख आणि हा काही आठवड्यांचा काळ एकत्र ठेवले, की वर्षातून एकदा घेतलेला नमुना कोणत्या प्रश्नाचे उत्तर देतो आणि कोणत्या प्रश्नाचे देत नाही हे दिसते.

एन्डिकॉटमध्ये हा प्रश्न काल्पनिक नव्हता. राज्याच्या आरोग्य विभागातील संशोधकांनी १९७८ ते २००२ या काळातील जन्मनोंदींचा अभ्यास करून २०१२ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. ट्रायक्लोरोएथिलीनच्या पट्ट्यावरील वस्तीत कमी वजनाच्या बालकांचे प्रमाण न्यूयॉर्क शहर वगळता उर्वरित राज्याच्या १.३६ पट, आणि हृदयदोषांचे प्रमाण २.१५ पट आढळले. अशा आकड्यांभोवतीची अनिश्चितता लपविण्याचे कारण नाही. हृदयदोषांची प्रत्यक्ष प्रकरणे थोडी होती, आणि २.१५ या आकड्याची विश्वासमर्यादा १.२७ पासून ३.६२ पर्यंत पसरलेली आहे. त्या वर्षांत त्या घरांतील हवा कोणी मोजलेली नव्हती, त्यामुळे मातेचा पत्ता हाच तिच्या संपर्काचा पर्याय मानला गेला. घर कोठे होते एवढेच ठाऊक, घराच्या आत काय होते ते ठाऊक नाही. दूषिताशी संबंध आहे असे हा अभ्यास दाखवितो, अमुक बालकाचा दोष अमुक गळतीमुळे असे तो म्हणत नाही. कथनात्मक वाङ्मयाला नेमके दुसऱ्या प्रकारचे वाक्य हवे असते आणि न्यायालयालाही. सुमारे एक हजार वादींनी कंपनीविरुद्ध लढविलेले प्रकरण २०१५ मध्ये तडजोडीने मिटले, आणि ते वाक्य कोणत्याही निकालपत्रात लिहिले गेले नाही.

बसविलेली यंत्रणा साधी आहे. फरशीला भोक पाडून एक नळ खाली सोडतात, तो भिंतीवरून छपराबाहेर नेतात आणि त्यावर अखंड चालणारा पंखा लावतात. फरशीखाली घरापेक्षा अधिक विरळपणा निर्माण झाला की ओढ उलटी होते. नळावर रंगीत द्रव भरलेली यू-आकाराची नळी असते. तिच्या दोन बाजूंची पातळी असमान दिसली म्हणजे पंखा काम करीत आहे. खालचे पाणी यामुळे शुद्ध होत नाही, फक्त वाट तोडली जाते. जोखीम आणि धोका यांतील भेद या नळीइतका स्पष्ट क्वचितच दिसतो.

गुणोत्तराचे स्थलांतर

भारतीय अभ्यासकापुढे येथे एक प्रश्न उभा राहतो. भोपाळमधील युनियन कार्बाइडच्या आवारात आणि त्यालगतच्या बाष्पीभवन-तलावांत टाकलेल्या कचऱ्यामुळे भूजल दूषित झाले. त्यात क्लोरीनयुक्त सेंद्रिय द्रव्ये आढळली आणि मे २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने परिसरातील वस्त्यांना स्वच्छ पाणी पुरविण्याचा आदेश दिला. इंद्रा सिन्हा यांच्या २००७ मधील ‘अ‍ॅनिमल्स पीपल’ या कादंबरीतील खौफपूर हे शहर भोपाळवरून बेतलेले आहे, आणि तेथेही विष वायूच्या त्या एका रात्रीपुरते न राहता पाण्यात उतरलेले आहे. कादंबरीत काय, आदेशात काय, वाट एकच मानलेली आहे : हातपंप ते घसा. १९७९ ते २००२ या काळातील एन्डिकॉटमध्येही विचार असाच होता, हे येथे आठवणे अप्रस्तुत नाही.

मात्र एन्डिकॉटचे गुणोत्तर उचलून भोपाळला लावणे हे वाईट भाषांतर ठरेल. ०.००१ आणि ०.०३ हे आकडे काँक्रीटच्या फरशीच्या, थंडीत बंद राहणाऱ्या, बहुधा तळघर असलेल्या अमेरिकी घरांतून निघाले आहेत. जेथे जोते नीच आहे, भुई मातीची किंवा सैल लाद्यांची आहे, तेथे वायूला अडविणारी फरशीच नाही. त्याच घराच्या कौलांतून आणि दारांतून वारा मात्र अखंड खेळत असतो, आणि घर तापवून निर्माण होणारी ती हिवाळी ओढ येथे जवळपास नाही. यांतील एक गोष्ट जोखीम वाढविते, दोन कमी करतात. पाण्याचे तापमान तिसऱ्याच दिशेने खेचते. १० अंशांच्या भूजलातून जेवढे ट्रायक्लोरोएथिलीन वायुरूप होते त्याच्या जवळजवळ दुप्पट २५ अंशांच्या भूजलातून होते. शहरांच्या कडेला जुन्या औद्योगिक जमिनींवर उभ्या राहणाऱ्या वातानुकूलित, खिडक्या बंद असलेल्या सदनिकांचे गणित आणखी वेगळे, आणि त्यांच्या तळमजल्यांवर पुष्कळदा घरांऐवजी वाहनतळ असतो, हा फरकही हिशेबात धरावा लागेल.

जुलै २०२५ मध्ये केंद्र सरकारने दूषित स्थळांच्या व्यवस्थापनाविषयीचे नियम अधिसूचित केले. त्यांनुसार संशयित स्थळांचे आधी प्राथमिक आणि नंतर तपशीलवार मूल्यांकन व्हावयाचे आहे. त्या तपशिलात घरातील हवेसाठी कोणते गुणोत्तर धरावयाचे, ते कोणत्या घरांत मोजून काढावयाचे, आणि भुईवर झोपणाऱ्या माणसाचा श्वास जमिनीपासून किती उंचीवर मोजावयाचा, हे प्रश्न अमेरिकी कोष्टकांत मिळणार नाहीत. तीन-पाच फूट उंचीवर भांडे ठेवून घेतलेला नमुना खाटेवरच्या किंवा खुर्चीतल्या माणसाचा असतो. वाकळीवर निजलेल्या मुलाची हवा त्याहून खालची असते.